काखेतलं मुसळ

खांद्याचा सांधा सुटला असेल तर काखेत मुसळ घालून ती वर उचलावी आणि हाड जागेवर आलं की स्वस्तिक पद्धतीची पट्टी बांधावी. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातल्या तिसऱ्या अध्यायात हा उपचार एवढ्याच मोजक्या शब्दांत सांगितला आहे. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेला ‘सांध्यांविषयी’ हा ग्रीक ग्रंथ उघडला की हेच मुसळ पुन्हा भेटतं, आणि तिथे ते वापरायचं कसं हेही तपशिलात सांगितलेलं आहे. मुसळाला मऊ पट्टी गुंडाळायची, ते काखेत बरगड्या आणि दंडाचं डोकं यांच्यामध्ये घट्ट बसवायचं, मुसळावरून पलीकडे आलेला हात खाली ओढायचा आणि दुसऱ्या बाजूने एकाने रुग्णाच्या मानेभोवती हात टाकून त्याला धरून ठेवायचं. कोणी कोणाकडून घेतलं, या वादात शिरण्याची मला गरज वाटत नाही. धान्य कांडणाऱ्या घरात मुसळ असायचंच. निखळलेला खांदा सांभाळत, विव्हळत माणूस दारात आला की वैद्याने हाताशी होतं ते उचललं.

या मुसळाचा माग काढत आजच्या इस्पितळापर्यंत आलं की एक गोष्ट ठळकपणे दिसते. हाड बसवायची युक्ती माणसाला फार लवकर सापडली. बसवलेलं हाड जागेवर टिकवायचं कसं, हे उमगायला विसावं शतक उजाडावं लागलं. आपल्याकडे अजूनही ‘बसवलं एकदाचं’ म्हणून सुटकेचा श्वास सोडला जातो आणि खरं काम तिथूनच सुरू होतं हे कोणी सांगत नाही.

खांदा इतक्या सहज का निखळतो, ते आधी पाहायला हवं. दंडाच्या हाडाचं वरचं टोक गोल आणि मोठं आहे. ते ज्या खोबणीत बसतं ती मात्र उथळ आणि लहान. बशीवर लिंबू ठेवावं तसा हा मामला. म्हणूनच हात वर, खाली, मागे, गोल, कसाही फिरतो. शरीरातल्या दुसऱ्या कोणत्याही मोठ्या सांध्याला एवढी मोकळीक नाही, आणि या मोकळिकीची किंमत म्हणून दुसरा कोणताही मोठा सांधा इतक्या वेळा निखळतही नाही. बशीच्या कडेला लॅब्रम नावाची चिवट कूर्चेची किनार असते, भोवती सांध्याचं आवरण आणि अस्थिबंध असतात आणि त्यांवर चार छोट्या स्नायूंचा वेढा असतो. हात वर आणि मागे गेलेला असताना, म्हणजे चेंडू फेकण्याच्या पवित्र्यात, धक्का बसला की हाड पुढे आणि खाली सरकतं. शंभरातले नव्वदाहून अधिक खांदे असेच पुढच्या बाजूला निखळतात. मागच्या बाजूला निखळणं विरळ. ते बहुधा फेफऱ्यात किंवा विजेच्या धक्क्यात होतं आणि हमखास नजरेतून सुटतं.

हाड बसवण्याचं सगळ्यात जुनं चित्र म्हणून ज्याकडे बोट दाखवलं जातं ते इजिप्तमधलं आहे. देर अल-मदिना या कारागिरांच्या वस्तीत इपुय नावाच्या शिल्पकाराचं थडगं आहे, दुसऱ्या रामसेसच्या काळातलं. त्याच्या भिंतीवर काम करताना दुखापत झालेले मजूर रंगवलेले होते. एकाच्या डोळ्यातलं काहीतरी काढलं जातंय, तर दुसरा जमिनीवर आहे आणि कोणीतरी त्याचा कोपरात वाकलेला हात धरून खांदा बसवतंय, असं त्या चित्राचं वाचन करतात. राजाच्या पराक्रमाने भरलेल्या त्या देशात एका कामगाराचा खांदा भिंतीवर आला, याचं मला अप्रूप वाटतं. तेव्हाही खांदे निखळत होते ते राबणाऱ्यांचेच.

हिपोक्रेटिसकडे मात्र थांबायलाच हवं, कारण त्याचा सांध्यांवरचा ग्रंथ सुरूच होतो तो खांद्यापासून. किती तऱ्हा सांगितल्या आहेत त्यात! काखेत बोटं घालून, काखेत टाच रोवून, उंच माणसाच्या खांद्यावर रुग्णाला काखेने टांगून, मुसळावरून, शिडीच्या पायरीवरून, थेसलीतल्या उंच पाठीच्या खुर्चीवरून. आणि शेवटी ‘आंबे’ नावाची लाकडी फळी. काखेत सरकवता येईल असं तिचं टोक गोलसर असे, त्यावर हात बांधायचा आणि तरफेसारखी फळी खाली दाबायची. यातली कुठलीही तऱ्हा त्याने पुस्तकासाठी म्हणून लिहिलेली वाटत नाही. आखाड्यात काही साधन हाताशी नसतं, तिथे खांद्यावर टांगण्याची रीत कामाची, असं तो सांगतो. सडपातळ माणसाचा खांदा लवकर निखळतो आणि लवकर बसतो, अंगाने भरलेल्याचं उलट, हेही तो नोंदवतो. इतर वैद्यांनी रोड माणसाचा उठून दिसणारा सांधा पाहून निदान कसं चुकवलं, हे तो रागाने लिहितो. वाचताना समोर माणसं उभी राहतात.

याच ग्रंथात तो पुढचा, अवघड प्रश्नही विचारतो. ज्यांचा खांदा वारंवार निखळतो त्यांचं काय? अंगाने सगळे गुण असूनही केवळ यापायी कित्येक मल्लांना आखाडा सोडावा लागला, युद्धात कित्येक जण निकामी होऊन मारले गेले, असं तो लिहितो. कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधून घेतलेल्या खासबाग मैदानाच्या दगडी पायऱ्यांवर बसून कुस्त्या पाहिलेल्या कोणालाही हे वाक्य परकं वाटणार नाही. तालमीत वर्षानुवर्षे घाम गाळलेला पोरगा खांद्यापायी लंगोट खुंटीला टांगतो, तेव्हा घरात सुतक उतरतं.

हिपोक्रेटिसचा यावरचा उपाय अंगावर काटा आणणारा आहे. काखेतली कातडी चिमटीत ओढून तापलेल्या बारीक सळईने ती आरपार डागायची. काही वैद्य खांद्यावर, पुढे किंवा मागे डागतात, त्याने हाड निसटण्याची वाट उलट मोकळी होते, असं तो बजावतो. हाड ज्या पोकळीत उतरतं तिथेच व्रण झाला पाहिजे, म्हणजे तो आकसताना ती जागा आवळली जाईल. जवळच नसा आणि रक्तवाहिन्या आहेत, जपून करा, हेही तो सांगतो. आणि जखमा भरून आल्यावरसुद्धा हात बरेच दिवस, रात्रंदिवस, बरगडीला बांधून ठेवायचा. उपाय क्रूर होता, पण त्यामागचा विचार अचूक होता. खांदा पुन्हा निखळतो कारण त्याला निसटायला वाट राहिलेली असते. ती वाट बंद करायची. ही डागणी पुढे हजार वर्षांहून अधिक टिकली. कॉर्डोव्याजवळ जन्मलेल्या अल-झहरावीच्या ग्रंथातही (त्याचा मृत्यू १०१३ चा) निखळणाऱ्या खांद्यासाठी डागण्याची खास उपकरणं आहेत.

सुश्रुतसंहितेचं मोठेपण मला दुसऱ्या ठिकाणी दिसतं. सांधा सुटण्याचे सहा प्रकार ती वेगळे करते. उपचाराच्या चार क्रिया सांगते: ताणणं, दाबणं, जुळवणं आणि बांधणं. पण बांधल्यावर विषय संपत नाही. तरुण वयात सांधा महिन्यात स्थिर होतो, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि उतारवयात तिप्पट काळ लागतो, असा हिशेब तिथे आहे. तळहाताच्या दुखापतीसाठी तर आजच्या व्यायामोपचाराचा गाभाच लिहून ठेवला आहे. आधी हातात मातीचा गोळा धरायचा, मग मिठाचा खडा आणि हातात बळ आलं की दगड. भार हळूहळू वाढवत न्यायचा. आज फिजिओथेरपिस्ट रबरी पट्ट्यांचे रंग बदलत नेतो, त्याचं मूळ सूत्र हेच. आपल्या परंपरेचा अभिमान बाळगायचा तर या तीन ओळींचा बाळगावा, असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या शतकांत नेमकं हेच मागे पडलं आणि बळ तेवढं उरलं. कितिऑनच्या अपोलोनियसने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात हिपोक्रेटिसच्या सांध्यांवरच्या ग्रंथावर टीका लिहिली. तिची दहाव्या शतकातली बायझंटाइन प्रत फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात आहे. तिच्यातल्या चित्रांत रुग्ण शिडीवर, फळीवर, माणसांच्या खांद्यावर लोंबकळताना दिसतात. ती तऱ्हा युरोपात आम्ब्रवाझ पारेपर्यंत आणि त्याच्याही पुढे चालत राहिली. मग त्यात कप्प्या आणि दोर आले. एका बाजूने माणसं रुग्णाला धरून ठेवत, दुसऱ्या बाजूने कप्पीवरून हात ओढला जाई. जुना निखळलेला खांदा अशा ओढीत बसवू पाहताना काखेतली मोठी धमनी फाटून माणसं दगावली, असे प्रसंग वैद्यकाच्या इतिहासात नोंदलेले आहेत.

त्याच काळात लोक दुसऱ्याच दारात रांगा लावत होते. इंग्लंडमध्ये एप्सम इथे सारा मॅप नावाची बाई वडिलांकडून शिकलेल्या विद्येवर सांधे बसवायची. लंडनच्या कॉफीहाऊसात ती रुग्ण तपासायला चार घोड्यांच्या गाडीतून येई. १७३६ मध्ये विल्यम होगार्थने काढलेल्या वैद्यांच्या उपहासचित्रात तिला सगळ्यांच्या वर, मधोमध बसवलं आहे. पदवीधरांना तिचा राग होता, पण तिच्या हाताला गुण होता हे त्यांनाही नाकारता आलं नाही. पुढे लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमसने (१८३४–१८९१) वैद्यकाचं रीतसर शिक्षण घेतलं. त्याचं घराणं वेल्समधल्या अँगलसीच्या हाडवैद्यांचं. मांडीचं हाड मोडल्यावर लावायची त्याची पट्टी पहिल्या महायुद्धात असंख्य सैनिकांच्या कामी आली. ब्रिटिश अस्थिशल्यचिकित्सेचा एक मोठा झरा हाडवैद्याच्या ओसरीतून निघाला, ही गोष्ट आपल्याकडच्या पदवीधरांनी विसरू नये.

आपल्या गावोगावचे हाडवैद्य आणि तालमीतले वस्ताद यांच्याबद्दल म्हणूनच तुच्छतेने बोलणं मला पटत नाही. पुष्कळांच्या बोटांना सांध्याची जाण होती. आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप, कांबट्या, घट्ट पट्टी आणि ‘इतके दिवस हात हलवायचा नाही’ ही तंबी, एवढ्यावर गावं तरली. पण एक गोष्ट त्यांच्या बोटांना कधीच कळू शकत नव्हती. निखळण्याबरोबर हाड मोडलंही आहे का? वयस्कर माणूस पडतो तेव्हा दंडाचं डोकं निखळतं आणि मोडतंही. असा हात ओढला तर नीट होऊ शकणारं हाड कायमचं बिघडतं. हे पाहायची सोय ८ नोव्हेंबर १८९५ ला विल्हेल्म राँटगेनला लागलेल्या क्ष-किरणांच्या शोधाने झाली. त्याआधीचा प्रत्येक वैद्य, पदवीधर असो वा नसो, या बाबतीत अंधारातच होता. आज तो अंधार उरलेला नाही. म्हणून आज फोटोआधी ओढाओढ करण्याला माफी नाही.

बळ कमी होण्याची सुरुवात मात्र क्ष-किरणांच्याही आधीची आहे. लंडनच्या अ‍ॅस्टली कूपरने १८२२ मध्ये निखळलेल्या सांध्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. हाड बसायला मुख्य विरोध स्नायूंचा असतो, हे त्याने त्यात ठासून मांडलं. स्नायू सैल करायला त्याच्याजवळ होतं काय? रक्त काढणं, गरम पाण्याचं स्नान आणि मळमळ आणणारं अँटिमनीचं औषध. रुग्णाला गलितगात्र करायचं आणि त्या अवस्थेत हाड बसवायचं. १६ ऑक्टोबर १८४६ ला बॉस्टनमध्ये ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक झालं आणि रक्त काढून माणूस ढिला करण्याची गरज संपली.

मग १८७० मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्न शहरातल्या थिओडोर कोखरने आपली रीत छापली. थायरॉइडवरच्या कामासाठी १९०९ चं नोबेल मिळवणारा हाच तो कोखर. कोपर काटकोनात वाकवून अंगाजवळ ठेवायचं, हात सावकाश बाहेर फिरवायचा, मग कोपर पुढे उचलायचं आणि शेवटी हात आत वळवायचा. ओढणं त्यात नव्हतंच. इपुयच्या थडग्यातलं चित्र आणि कोखरची रीत यांच्यातलं साम्य पुढे एका इजिप्शियन शल्यचिकित्सकाने १९६८ मध्ये दाखवून दिलं. पण शिकणाऱ्यांच्या हातात पडल्यावर त्या रीतीत ओढ घुसली, झटका घुसला, दंडाची हाडं मोडली आणि दोष कोखरच्या माथी आला. मूळ लेख न वाचता ऐकीव पद्धत गिरवण्याची किंमत किती मोठी असते, त्याचा हा नमुना.

त्यानंतरचा प्रवास सबुरीकडे आहे. न्यूयॉर्कच्या लुईस स्टिमसनने १९०० मध्ये हात खाली लोंबता ठेवून त्याला वजन बांधायला सांगितलं. स्नायू थकतात, सैलावतात आणि थोड्या वेळाने हाड आपोआप आत जातं. हेन्री मिल्चने १९३८ मध्ये हात हळूहळू डोक्यावर नेऊन हाड बसवण्याची रीत मांडली. या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाच्या नील कनिंगहॅमने तर ओढ जवळजवळ काढूनच टाकली. रुग्णाला समोर ताठ बसवायचं, त्याचा हात आपल्या हातावर टेकवायचा, खांदे वर-मागे घ्यायला सांगायचं आणि मान, खांदा, दंड यांचे स्नायू चोळत राहायचं, त्याच्याशी बोलत राहायचं. मुसळ, टाच, कप्पी आणि मग दोन हातांचं चोळणं. हजारो वर्षं आपण रुग्णाच्या भीतीशी झुंजत होतो. ती भीती गेली की हाडाला वाट सापडते, हे आत्ता कळतंय.

पण खांदा पुन्हा का निखळतो? हिपोक्रेटिसच्या या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्यांत फ्रान्सचे ब्रोका आणि हार्टमन, जर्मनीचा पेर्थेस अशी नावं आहेत. तरी शिक्कामोर्तब झालं ते लंडनच्या ब्लंडेल बँकार्टच्या नावावर. १९२३ मध्ये त्याने चार रुग्णांवरून आणि १९३८ मध्ये २७ शस्त्रक्रियांवरून दाखवून दिलं की हाड पुढे निसटताना बशीची किनार आवरणासकट सुटून येते आणि ती स्वतःहून हाडाला पुन्हा चिकटत नाही. ती शिवून हाडाला जोडली की खांदा थांबतो. १९४० मध्ये हिल आणि सॅक्स या दोन क्ष-किरणतज्ज्ञांनी दंडाच्या डोक्यावर पडणाऱ्या खाचेचं सविस्तर वर्णन केलं. निसटलेलं डोकं बशीच्या कडेवर आपटून ती खाच पडते. बशीची कड झिजून हाडच उरलं नसेल तर शेजारचा हाडाचा तुकडा तिथे स्क्रूने बसवण्याची शस्त्रक्रिया लियाँच्या मिशेल लातार्जेने १९५४ मध्ये आणली. आज किनार शिवायचं काम बहुधा दुर्बिणीतून, बारीक छिद्रांमधून होतं. तापलेल्या सळईचं काम आता दोऱ्याच्या टाक्यांनी होतं. हेतू तोच राहिला.

शस्त्रक्रिया कोणाला लागते, हे वयावरून बरंचसं कळतं. बॉस्टनच्या कार्टर रो यांनी १९५६ मध्ये ५०० निखळलेल्या खांद्यांचा मागोवा घेतला. विशीच्या आतल्यांत खांदा पुन्हा निखळण्याचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेलं, तर चाळिशीपुढे ते फार कमी होतं. चाळिशीनंतरची भीती वेगळी आहे. तिथे सांध्याभोवतीचे स्नायुबंध फाटतात आणि हाड बसल्यावरही हात वर उचलता येत नाही. स्वीडनमध्ये लेनार्ट होवेलियस यांनी २७ रुग्णालयांतले १२ ते ४० वयाचे रुग्ण तब्बल २५ वर्षं पाहिले. हात तीन-चार आठवडे बांधून ठेवला काय किंवा लवकर सोडला काय, पुन्हा निखळण्यात फरक पडला नाही. सुमारे निम्मे खांदे एकतर परत निखळलेच नव्हते किंवा काळानुसार स्थिर झाले होते. जपानच्या एइजी इतोई यांनी हात पोटाशी न बांधता बाहेर वळवून ठेवला तर किनार जागेवर चिकटते असं मांडलं. पुढच्या सगळ्या अभ्यासांनी त्याला साथ दिली नाही. ‘जितकं जास्त बांधाल तितकं पक्कं’ हा आजीचा आणि वस्तादांचा समज मात्र यातून मोडीत निघाला.

म्हणजे टिकवायचं काम पट्टीपेक्षा स्नायूंचं. इथे बॉस्टनचाच अर्नेस्ट कॉडमन आठवतो. खांद्यावरचा त्याचा ग्रंथ १९३४ चा. पुढे वाकून, हात सैल सोडून, लंबकासारखा हलवायचा जो व्यायाम आज प्रत्येक फिजिओथेरपिस्ट पहिल्या भेटीत शिकवतो तो त्याच्या नावाने ओळखला जातो. रुग्ण घरी गेल्यावर त्याचं पुढे काय झालं हे डॉक्टरने वर्षाने विचारलंच पाहिजे, असा त्याचा हट्ट होता. त्यापायी त्याने प्रतिष्ठेच्या इस्पितळातली जागा सोडली आणि स्वतःचं छोटं इस्पितळ चालवलं. बसवणं आणि बरं होणं यांत किती अंतर असतं हे त्याला पुरतं कळलेलं होतं.

ते अंतर साधारण असं कापलं जातं. तरुणाला गळ्यातली झोळी दोन-तीन आठवडे, चाळिशीपुढे त्याहून कमी, कारण तिथे सांधा आखडण्याचा धोका मोठा. बोटं, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवायची. मग लंबक, मग आधार घेऊन हात वर नेणं, मग त्या चार स्नायूंना आणि फऱ्याच्या स्नायूंना बळ देणं. हात वर आणि मागे नेण्याचा तो एक पवित्रा शेवटपर्यंत राखून ठेवायचा. कुस्ती, कबड्डी, मल्लखांब यांत परतायला बहुधा तीन-चार महिने, शस्त्रक्रिया झाली तर त्याहून अधिक. दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटत असेल तर ती काखेजवळच्या नसेची तक्रार. बऱ्याचदा ती काही महिन्यांत निवळते, पण ती हाड बसवण्याआधी आणि नंतर दोन्ही वेळा तपासलेली असावी. दुखणं थांबलं म्हणजे खांदा बरा झाला असं धरून सहाव्या आठवड्यात आखाड्यात उतरणारी पोरं सगळ्यात जास्त घात करून घेतात.

तालमीच्या वस्तादांना, शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना आणि आईवडिलांना एवढीच विनंती. खांदा निखळला तर हाताला आहे त्या स्थितीत उशीचा किंवा ओढणीचा आधार द्या, ओढू नका, काही खायला देऊ नका आणि इस्पितळात न्या. बसवण्याआधी आणि नंतर फोटो काढला जाईल हे पाहा. पोरगा विशीच्या आतला असेल किंवा खांदा दुसऱ्यांदा निखळला असेल तर खांद्याच्या शल्यचिकित्सकाचं मत घ्याच. आणि हाड बसल्यावर डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडण्याआधी दोन प्रश्न विचारा: व्यायाम कोणत्या दिवसापासून सुरू करायचा, आणि तो शिकवणार कोण?